एक्केचाळीस बसचा भाव

३ मार्च, सोमवार

नऊ डॉलर! एका व्हॅनचे नऊ डॉलर!

व्हर्लिनने आज बेकरीच्या बारा व्हॅन धुवायचं काम घेतलं. पंधरा सांगायचे ठरले होते ना, विचारलं. तर म्हणतो, "सांगितले गं ताई. पण मालकीणबाईंनी उसासा टाकला."

उसासा टाकला म्हणून सहा डॉलर कमी! आणि ती बाई खोकली असती तर? व्हॅन धुवून वर पेट्रोलही भरून दिलं असतंस, म्हटलं. हसला. येताना दालचिनीच्या पावांची पिशवी घेऊन आला होता. "हे बघ, हेही दिलं त्यांनी." मी दोन खाल्ले. चांगले होते. बहात्तर डॉलरचे पाव, चांगले असणारच!

छप्पन्न वर्षांचा झाला माझा धाकटा भाऊ. एवढा मोठा फवारा हातात धरून ट्रकवरची वर्षाची घाण पळवतो, आणि समोरच्याने नुसती भुवई उचलली की हा निम्मा होतो. लहानपणी गोट्या जिंकायला जायचा आणि खिशातल्या होत्या त्याही वाटून यायचा. आई म्हणायची, ह्याच्यासाठी जत्रेत कुणीतरी राखण ठेवा.

ठरलं. आजपासून धुवायचं त्याने, भाव सांगायचा मी. नाहीतरी घरात बसून काय करतेय? सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, ते हात आता मोजे विणतायत. परवाच्या मोज्याची टाच कुठे आलीय ते देवालाच ठाऊक.

त्याला सांगितलं तेव्हा चेहरा असा खुलला की मलाच उमजेना, मी त्याचं काम काढून घेतेय की डोक्यावरचं ओझं.

५ मार्च, बुधवार

अंडी उकडायचं घड्याळ घेऊन गेले त्याच्याबरोबर. नळवाल्याच्या आठ व्हॅन होत्या. एका गाडीला किती वेळ लागतो ते माहीत नसताना भाव काढायचा कसा? व्हर्लिनला विचारलं तर उत्तर — "साधारण वेळ लागतो."

एक व्हॅन पंधरा मिनिटं. त्यातली अकरा धुण्याची आणि चार नळवाल्याशी बर्फातल्या मासेमारीवर गप्पा मारण्याची. "ही चार मिनिटं कुणाच्या खात्यात?" म्हटलं. म्हणतो, "मासे त्याच्या तळ्यातले आहेत, त्याच्याच खात्यात घाल."

पण आज बऱ्याच गोष्टी कळल्या. साबण खालून वर लावत जायचा आणि पाणी वरून खाली मारायचं, उलटं केलं की ओघळ उठतात. मार्चमधली घाण म्हणजे अर्धं मीठच. हिवाळाभर रस्त्यावर फेकलेलं सगळं गाडीच्या पोटाला कवचासारखं धरून बसतं. पहिल्या धुण्याला दुप्पट वेळ लागतो, पुढे दर आठवड्याला धुतलं तर निम्मा. मग दोन्हीला एकच भाव कसा? पाणी आपल्या टाकीतलं की त्यांच्या नळाचं? गाड्या मोकळ्या उभ्या असतील की खेटून? धुतलेलं पाणी गटारात सोडता येत नाही, खाली चटई अंथरून ओढून घ्यावं लागतं. त्याची मेहनत कोण धरणार?

हे सगळं आधी विचारायचं असतं. व्हर्लिन गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो — "कधी येऊ?"

मी पाइपला अडखळून पडता पडता राहिले. दोनदा. काळा पाइप, काळं डांबर — दिसणार कसा?

८ मार्च, शनिवार

आज भाव सांगितला! मी! स्वतः!

गॅसवाले झेलिन्स्की. सहा टँकर, चार छोटे ट्रक. म्हातारा खडूस आहे हे सगळ्या वॉसॉ गावाला माहीत आहे. जाताना व्हर्लिनला बजावलं — आकडा मी सांगेन. सांगितल्यावर कुणी बोलायचं नाही. पहिला जो बोलेल तो हरला. बसमध्ये बावन्न पोरं गप्प करायची हीच युक्ती होती. ओरडायचं नाही, आरशात बघत राहायचं.

मी म्हटलं, "टँकरला पंचेचाळीस, ट्रकला बावीस. पहिल्या वेळी दहा जास्त, मीठ फार बसलंय." आणि गप्प बसले.

झेलिन्स्कींनी खिडकीबाहेर पाहिलं. टोपी काढली. टोपी घातली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. शेजारी व्हर्लिनची खुर्ची करकरायला लागली. तोंड उघडतोय असं दिसताच मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली.

"आई गं!" व्हर्लिन ओरडला.

"काय झालं?" म्हातारा.

"काही नाही, त्याला गुडघ्याचं दुखणं आहे," मी म्हटलं. "थंडीत उसळतं."

म्हाताऱ्याने बराच वेळ आम्हा दोघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पंचेचाळीस ठीक आहे. ह्याला डॉक्टरकडे ने."

गाडीत बसल्यावर व्हर्लिन म्हणतो, "लाथेचे किती लावायचे ताई?" आम्ही हायवे लागेपर्यंत हसत होतो. गाडी अर्थात तो चालवत होता. हल्ली मला चालवायला देतच नाही. दिवसाउजेडी तर अजून परवानगी आहे मला! "तू भाव काढ, मी चाक धरतो," म्हणतो. दिला एकदा ह्याला अधिकार तर हा असा वापरतो.

९ मार्च, रविवार

व्हर्लिनने नवा पाइप आणला. भगवा! संत्र्यासारखा भगवा. "स्वस्तात मिळाला." मी म्हटलं, आता आकाशातून विमानसुद्धा अडखळणार नाही.

११ मार्च, मंगळवार

क्विलिंग बस कंपनीचा फोन आला. एक्केचाळीस बस. दर पंधरवड्याला धुवायच्या, जूनपर्यंत, मग पुन्हा सप्टेंबरपासून. भाव पंचवीस तारखेला समोर येऊन सांगायचा. व्हर्लिनने घेतला फोन. माझ्याकडे न बघता म्हणाला, "यिंगचा होता."

पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. रागाने.

हे काम मिळालं तर व्हर्लिनला वर्षभर बघायला नको. त्याच्या टाकीची गाडी जुनी झालीय, पाणी तापवायची भट्टी दर महिन्याला रुसते. गेल्या हिवाळ्यात तो दोन महिने लाकडं फोडून विकत होता. मला सगळं कळतंय. पण त्या अंगणात पाय ठेवायचा? तिच्यासमोर?

यिंग वँगला मी बस शिकवली. चोवीस वर्षांची होती. पिंपं उभी करून त्यांच्यामधून बस मागे घ्यायला शिकवलं — सतरा पिंपं आडवी केली त्या पोरीने, मी एकदाही आवाज चढवला नाही. 'मावशी' म्हणायची. नव्या वर्षाला तिच्या घरून तळलेल्या स्प्रिंग रोलचा डबा यायचा. मग ती कचेरीत गेली, सगळ्या गाड्यांची मुख्य झाली, मला आनंदच झाला.

आणि गेल्या एप्रिलमध्ये, नऊ तारखेला, सकाळी सव्वासहाला, तीन ड्रायव्हरांसमोर — "मावशी, आज गाडी काढू नका. आधी डोळे तपासून या."

का? कशाला? कुठे ओरखडा नाही, कुणाची तक्रार नाही. सत्तावीस वर्षांत एक आरसा फुटला, तोही उभ्या बसला दुसऱ्याने ठोकला म्हणून. मी विचारलं, कुणी काही बोललं का? "नाही, नुसतीच तपासणी," म्हणाली. माझ्याकडे बघता येत नव्हतं तिला.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू. समोरचं लख्ख दिसतंय, कडेचं पुसत चाललंय, थेंब घाला, हे इथंच थांबेल पण गेलेलं परत येणार नाही. बसचा परवाना त्याच दिवशी गेला.

डॉक्टरांवर राग नाही. डोळ्यांवरही नाही. पण ती एक दिवस आधी घरी येऊन दोन शब्द बोलली असती! लग्न केलं नाही मी. रोज सकाळी बावन्न पोरं आयती मिळत होती. एका सकाळीत सगळी गेली.

१२ मार्च, बुधवार

भाव काढला. एका बसचे अठ्ठावन्न डॉलर.

व्हर्लिनने कागद हातात घेतला, चष्मा लावला, काढला. "ताई, ही किंमत नाही. हा सूड आहे."

"वाजवी आहे."

"झेलिन्स्कींच्या टँकरला पंचेचाळीस. त्यात गॅस असतो. ह्यात पोरं असतात."

"पोरं जास्त घाण करतात."

"आत करतात गं. आपण बाहेरून धुतो."

मी कागद परत ओढून घेतला. तो उठून कप विसळायला लागला. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "यिंगचं काय चुकलं, सांग बघू. तुझे डोळे तर खरंच..." एकच कप दहा मिनिटं धुतला. घड्याळ लावायला हवं होतं मी.

१४ मार्च, शुक्रवार

चर्चच्या तळघरात मासे खायला गेलो. ईस्टरआधीचे उपासाचे शुक्रवार, मांस चालत नाही, मासे चालतात, त्यामुळे सगळं गाव तिथेच. नॉर्बर्ट भेटला — माझ्यासोबत वीस वर्षं बस चालवली त्याने, आता नुसता बसतो आणि बातम्या गोळा करतो. ताटात कोबीची कोशिंबीर वाढून घेता घेता म्हणाला, "क्विलिंगच्या कामाला ग्रीन बे शहरातली कुणी मोठी कंपनी उतरलीय म्हणे. एका बसचे एकोणीस."

एकोणीस! व्हर्लिनचा काटा हवेतच राहिला.

"आर्डिस, तुमचे किती?" नॉर्बर्ट.

"ते माझ्या आणि क्विलिंगच्या मध्ये."

"म्हणजे जास्त आहेत," म्हणाला मेला.

निघताना पाहते तर व्हर्लिन फादरच्या व्हॅनपाशी उभा. काय ठरवलंस, विचारलं. खाली मान घालून म्हणतो, "फुकट."

"का? फादरनी उसासा टाकला?"

"नाही. आशीर्वाद दिला."

१५ मार्च, शनिवार

दिवसभर पाऊस आणि बर्फ मिसळून. काम बंद. एकोणीस डोक्यातून जात नाही.

१८ मार्च, मंगळवार

भाव सांगायच्या आधी प्रत्येकाने एक बस धुवून दाखवायची, अशी अट निघाली. सकाळी अकराला बोलावलं होतं. सकाळची फेरी संपून सगळ्या बस अंगणात येतात तेव्हा.

वर्षाने पाय ठेवला तिथे. पिवळ्या रांगा तशाच. कुणीतरी हात केला, मी मान हलवली. कचेरीच्या दारात यिंग उभी होती, हातात दोन कप. "मावशी, चहा." मी म्हटलं, "कामावर असताना नको." मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

आणि बस कुठली दिली धुवायला? सतरा नंबर! माझी. व्हर्लिन म्हणाला, "दुसरी मागू का?" मी म्हटलं, आण तो ब्रश. डावी बाजू तू घे, उजवी मी घेते.

खरं सांगू? मजा आली. प्रत्येक पत्रा ओळखीचा. मागच्या चाकावरचा पोचा — तो मी घ्यायच्या आधीपासूनचा आहे हे मी अजूनही शपथेवर सांगेन. थांब्याचा लाल हात — पोरं चढता-उतरताना मागच्या गाड्या थांबवायला डाव्या कडेने बाहेर येणारी पाटी — तो तेवढा व्हर्लिनकडे न देता मी हातानेच पुसला, फवारा मारला नाही, त्याची बिजागरी नाजूक आहे. दिव्यांच्या काचा एकेक करून पुसल्या. एकवीस मिनिटं झाली. घड्याळ वाजलं, मी मागे सरून उभी राहिले. कशी लखलखत होती!

व्हर्लिनने एकदा बसभर नजर फिरवली. फवारा घेऊन माझ्या बाजूला आला आणि पुन्हा मारायला लागला. खालच्या कडेने, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत. मी म्हणणार होते, अरे, झालंय ते! मग मान वळवून पाहिलं.

हातभर रुंदीचा राखाडी पट्टा. अख्ख्या बसभर. मीठ तसंच्या तसं. मी त्याच्या शेजारून चालत गेले होते, ब्रश हातात घेऊन, गाणं गुणगुणत. मला दिसलाच नाही.

एरवी त्याने नक्की चिडवलं असतं. "ताई, हा पट्टा त्यांना भेट का?" असं काहीतरी. आज नाही चिडवलं. तेच जास्त लागलं.

कचेरीच्या खिडकीत यिंग होती. तिने पाहिलं असणार. पडदा ओढून घेतला तिने. माझी लाज वाचवायला, हे कळलं मला. आणि त्याचाही राग आला!

१९ मार्च, बुधवार

झोप नीट लागली नाही. सकाळी कॉफी घेऊन बसले आणि अठ्ठावन्नचा कागद फाडला.

डोळे आहेत तसे आहेत. पट्टा राहिला तो राहिला. मी धुवायचं नाही, निदान खालची कड तरी नाही. काचा, आरसे, लाल हात — समोर धरून पुसायचं काम माझं. ते मला सगळ्या वॉसॉपेक्षा चांगलं येतं. फवारा व्हर्लिनचा. मग वेळ किती? एका बसला सव्वीस मिनिटं धरायची, एकवीस नाही. पाणी तापवायचं तेल. चटई अंथरणं, पाणी ओढणं. पोटाखालचं मीठ. हिवाळाभर ते राहिलं तर बसचा सांगाडा खातं, हे मी वर्षानुवर्षं ओरडत होते, कुणी ऐकलं नाही.

सगळं मांडलं. पहिल्या धुण्याला सेहेचाळीस, पुढे दर वेळी चौतीस. पुन्हा मांडलं. चौतीसच आले.

व्हर्लिन आला. पाहिलं. "पंचवीस सांगूया का ताई?"

"का?"

"एकोणीसला काम जाईल म्हणून."

"पंचवीसला काम मिळेल आणि ऑक्टोबरमध्ये तू लाकडं फोडायला जाशील. सूडही नको, दानही नको. चौतीस."

२२ मार्च, शनिवार

भांडण झालं. आमचं भांडण म्हणजे मी बोलते आणि तो छताकडे बघतो. पण आज तोही बोलला.

सराव करत होतो. तो क्विलिंगचा मालक झाला, मी मी. मध्येच मी म्हटलं, "आणि ती बसेल बाजूला पापण्या झुकवून. पाठीत सुरा खुपसून वर चहा विचारते!"

व्हर्लिनने कागद टेबलावर आपटला. त्याने! "यिंगला सोड आता! वर्ष झालं. काही बोलायचं असेल तर मला बोल!"

"तुला काय बोलू? तू उसासा टाकशील आणि मलाच सूट द्यावी लागेल."

हसला नाही. टोपी घालून गेला. टोपीसुद्धा माझी घालून गेला, लोकरीची, गोंड्याची. रस्त्यात कुणी पाहिलं असेल तर बरं झालं.

२३ मार्च, रविवार

टोपी दाराच्या कडीला अडकवून गेलाय. आत एक चिठ्ठी — 'गोंडा मला शोभतो असं नॉर्बर्ट म्हणाला.' मिटलं.

२५ मार्च, मंगळवार

सगळं लिहून ठेवते, एक शब्द विसरायचा नाही.

क्विलिंग स्वतः होते. सत्तरीचे, कानात यंत्र. बाजूला यिंग, पापण्या झुकवून नाही, सरळ बसलेली. व्हर्लिनने गळ्याला टाय बांधला होता! तो टाय मी त्याच्या लग्नात पाहिला होता शेवटचा. लग्न टिकलं नाही, टाय टिकलाय.

मी भाव सांगितला. सेहेचाळीस, मग चौतीस.

क्विलिंग म्हणाले, "माझ्याकडे एकोणीसचा आकडा आहे."

"माहीत आहे."

"मग पंधरा डॉलर कशाचे?"

मी म्हटलं, "त्या एकोणीसमध्ये बसच्या पोटाखालचं मीठ आहे का ते विचारा. धुतलेलं पाणी कोण ओढून नेणार ते विचारा. ते पाणी गटारात गेलं तर दंड अंगण ज्याचं आहे त्याला बसतो. आणि थांब्याचा लाल हात फवाऱ्याने धुणार की हाताने? जानेवारीत मीठ साचून तो अर्धवट उघडला तर मागच्या गाडीला कळत नाही पोर उतरतंय की नाही. मी सत्तावीस वर्षं तो उघडलाय, साहेब. माझ्या भावात तो दर वेळी हाताने पुसून, उघडून, मिटून बघणं आहे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बसचा."

"तीस," क्विलिंग म्हणाले.

मी गप्प.

घड्याळ नव्हतं त्या खोलीत. यंत्राची बारीक शीळ येत होती त्यांच्या कानातून. एक मिनिट. दीड. मी व्हर्लिनच्या नडगीचा अंदाज घेतला. पण तो हललाच नाही. टायमध्ये गळा आवळलेला, चेहरा लालबुंद, ओठ मिटलेले! जन्मात पहिल्यांदा माझा भाऊ गप्प बसला. मला वाटलं, श्वासच घेत नाहीये.

शेवटी यिंग बोलली. मालकाशी, माझ्याशी नाही. "बाकीच्या दोन कंपन्यांनी बस धुतली तेव्हा लाल हात कुणी पुसला नव्हता. मी पाहत होते. ह्यांनी पुसला."

क्विलिंग हसले. "चौतीस. शनिवारपासून या."

बाहेर आल्यावर व्हर्लिन गाडीच्या बॉनेटवर ओणवा होऊन धापा टाकायला लागला. "ताई, भाव सांगायला एवढी ताकद लागते?" म्हटलं, लाथ वाचली तुझी आज. मग मी त्याच्या गळ्याला मिठी मारली. अंगणात, सगळ्यांसमोर. तो म्हणतो, "याचे वेगळे लावणार का?"

२६ मार्च, बुधवार

व्हर्लिनने ब्रँडी आणली होती काल, मी दोन घेतल्या. डोकं दुखतंय, मन नाही.

सकाळपासून एकच विचार. यिंग काल गप्प राहू शकली असती. पट्ट्याबद्दल सांगू शकली असती. नाही सांगितलं. आणि गेल्या वर्षी? त्या पट्ट्याच्या जागी काय काय असू शकतं, हे मी अठरा तारखेपासून मनात येऊ देत नाहीये. तिने थांबवलं ते बरोबरच केलं. तीन ड्रायव्हरांसमोर केलं ते चूक, पण तीस वर्षांच्या पोरीला असल्या गोष्टी कुठून नीट जमणार? मला तरी त्रेसष्टाव्या वर्षी कुठे जमताहेत?

लिंबाच्या वड्या केल्यात. उद्या घेऊन जाते. माफी मागायची. व्हर्लिनला सांगितलं तर पांढराफटक पडला. म्हणाला, "मी येतो." म्हटलं, बस तिथेच. माफी मागायला मी माणूस नेत नाही.

२७ मार्च, गुरुवार

यिंग रडली. मग म्हणाली, "मावशी, मला काही कळलं नव्हतं. मी काही पाहिलंही नव्हतं. तुमच्या भावाचा फोन आला होता. त्या दिवशी सकाळी सहा वाजता. सांगू नका म्हणाले."

घरी आले. तो पायरीवर बसून होता. मी विचारायच्या आधीच बोलला. गेल्या वर्षीची आठ एप्रिल, यिंगने मला थांबवलं त्याच्या आदला दिवस. तो सहज माझ्या बसमागून येत होता. सिक्स्थ स्ट्रीटचा थांबा. मी दार मिटलं, लाल हात मिटला आणि बस काढली. निळ्या कोटातली एक मुलगी उजव्या पुढच्या चाकापाशी वाकली होती, पडलेला हातमोजा उचलायला. त्याने हॉर्न दाबून धरला. ती दचकून मागे झाली.

तो हॉर्न आठवतो मला. कुणीतरी घाईत आहे, असं वाटलं होतं.

ती मुलगी मला आजपर्यंत माहीतच नव्हती. त्याला वर्षभर, रोज, माहीत होती.